पॉइंट उतरले म्हणजे गुण आला का?

गंगापूरच्या बाजारात शुगरवरची तीन औषधं मिळतात: जांभळाच्या बियांची पूड, गुडमारचा पाला आणि बिबळ्याच्या लाकडाचा पेला. पेल्यात रात्री पाणी ओतून ठेवायचं. सकाळी ते तपकिरी झालेलं असतं, उजेडात धरलं तर निळसर झाक मारतं, आणि ते उपाशीपोटी प्यायचं. गुडमारचं पान चावून वर साखर तोंडात टाकली तर ती मातीसारखी लागते. बघणारा चाट पडतो आणि पुडी घेऊन जातो. पण पानातल्या रसाने जिभेची गोडाची जाण काही वेळ मारली, एवढंच तिथे घडलेलं असतं. रक्तातल्या साखरेला अजून त्याचा पत्ताही नसतो.

या बाजारामागचं मत आधी नीट मांडू, कारण पूर्वपक्ष दुबळा करून त्याचं खंडन करण्यात काही अर्थ नाही. मत असं: ‘अमक्याचे पॉइंट तीनशेच्या वर होते, महिन्यात दीडशेवर आले, याहून मोठा पुरावा कोणता? डॉक्टरची गोळी एकदा लागली की सुटत नाही, वर किडनी खाते. आणि ते संशोधन-बिंशोधन सगळं कंपन्यांच्या पैशावर चालतं.’ हे मत अडाण्यांचं नाही. वाळूजच्या कारखान्यात मशीन चालवणाऱ्यापासून शाळेच्या मुख्याध्यापकापर्यंत सगळे ते बोलतात. त्यातलं शेवटचं वाक्य तर बरंचसं खरंही आहे.

आधी ‘उतरलेल्या पॉइंटां’कडे पाहू. माणूस पुडी कधी आणतो? तपासणीत आकडा भडकलेला दिसला, घरात घबराट झाली, तेव्हा. त्याच दिवसापासून चहातली साखर बंद होते, भात कमी होतो, सकाळचं चालणं सुरू होतं. साखर रोज वरखाली होतच असते. सगळ्यात वर असताना मोजलेला आकडा पुढच्या खेपेला बहुधा खालीच येतो. महिन्याने तो उतरला की श्रेय मात्र पुडीला. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या दीर्घ अभ्यासात नव्याने निदान झालेल्या 3,044 रुग्णांना पहिले तीन महिने कोणतंही औषध न देता फक्त आहार सांभाळायला सांगितलं होतं. सरासरी साखर बरीच खाली आली आणि शंभरातल्या सोळांची उपाशीपोटीची साखर जवळपास नॉर्मल झाली. त्या तीन महिन्यांत त्यांना कुणी बिबळ्याचं पाणी पाजलं असतं तर आज सोळा टक्के यशाची जाहिरात छापून आली असती.

बिबळ्यावर, म्हणजे विजयसारवर, आपल्याकडे खरंच अभ्यास झाला आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने चार केंद्रांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 1998 मध्ये प्रसिद्ध झाले. 97 नवे रुग्ण होते, 12 आठवड्यांत त्यातल्या 67 जणांची साखर आटोक्यात आली. हा 69 टक्क्यांचा आकडा बिबळ्याच्या समर्थकांना पुरेसा वाटतो. पण त्याच निबंधातली दुसरी ओळ वाचा: ‘तीन महिन्यांची शुगर’ म्हणून आपण जी करतो, ती 9.8 वरून 9.4 वर आली. म्हणजे जेमतेम हलली. शिवाय ही चाचणी उघडी होती. आपण काय घेतोय हे रुग्णाला आणि डॉक्टरला दोघांनाही ठाऊक होतं, आणि औषध न घेणारा तुलनेचा गट नव्हता. मग त्या 67 पैकी किती जणांना बिबळ्याने तारलं आणि किती जणांना चहातल्या साखरेच्या सुट्टीने, हे ठरवायचं कशावरून? परिषदेने काम प्रामाणिकपणे केलं आणि ते पहिलं पाऊल म्हणून योग्यच होतं. पहिल्या पावलाला मुक्काम समजणं हा आपला दोष.

ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची चाचणी अधिक काटेकोरपणे झाली. एका गटाला खरा चहा, एकाला नकली चहा, एकाला नकली चहासोबत ग्लायबेनक्लामाइडची गोळी. साखर फक्त गोळीवाल्यांची उतरली. चहा पानांचा होता, बियांचा नव्हे. म्हणून बी निरुपयोगी ठरली असं मी म्हणणार नाही. पण ती उपयोगी आहे हे सिद्ध करण्याचं ओझं विकणाऱ्याच्या शिरावर आहे, माझ्या नाही.

आता खरा मुद्दा. समजा, पुडीने साखर निर्विवाद उतरली. तरीही औषधाची परीक्षा पूर्ण होत नाही, आणि हे वैज्ञानिकांना कळलं ते कंपन्यांच्याच औषधांनी ठेच खाल्ल्यावर. फेनफॉर्मिन साखर छान उतरवायचं, पण रक्तात आम्ल साचून माणसं दगावली. अमेरिकेने ते 1970 च्या दशकात काढून टाकलं, आपल्याकडे बंदी यायला 2003 उजाडलं. रोझिग्लिटाझोननेही साखर उतरायची. 2007 मध्ये स्टीव्हन निसेन यांनी जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा हृदयविकाराच्या झटक्याचा धोका वाढलेला दिसला. भारतात 2010 मध्ये त्यावर बंदी आली. सगळ्यात बोलकी गोष्ट अ‍ॅकॉर्ड या चाचणीची. 10,251 रुग्णांपैकी निम्म्यांची तीन महिन्यांची शुगर सहाच्या खाली नेण्याचा आटापिटा झाला. 2008 मध्ये तो भाग मध्येच थांबवावा लागला, कारण साखर जास्त उतरवलेल्या गटात 257 मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात 203. आकडा सुंदर आणि माणूस गेला, असा तो हिशोब.

म्हणून मधुमेहाच्या औषधाला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. दहा वर्षांनी किती जण जगले? किती जणांचे डोळे, पाय, किडन्या शाबूत राहिल्या? याचं उत्तर महिन्याच्या पुडीतून मिळत नाही आणि शेजाऱ्याच्या अनुभवातूनही नाही. शेजारी एकटा असतो, आणि ज्यांना गुण आला नाही ते पुन्हा बाजारात सांगायला येत नाहीत.

किडनीच्या आरोपाचं उत्तर इथेच देतो. ‘गोळ्या सुरू झाल्या आणि मग डायलिसिस लागलं’ हा क्रम अनेक घरांनी पाहिला आहे. पण किडनी खातात ती वर्षानुवर्षं चढलेली साखर आणि रक्तदाब. गोळी त्याच काळात सुरू असते, म्हणून नाव तिच्यावर येतं. मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध किडनी बिघडवत नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर ते शरीरात साचतं, म्हणून डॉक्टर मात्रा कमी करतात किंवा बंद करतात. उलट 2019 च्या क्रेडेन्स चाचणीत कॅनाग्लिफ्लोझिन या गोळीने किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर परिणामांचा धोका सुमारे 30 टक्क्यांनी कमी केला.

कंपन्यांच्या पैशाचा आरोप मला मान्य आहे. चाचण्यांत गरिबांचा गैरवापर झाल्याच्या तक्रारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि 2019 मध्ये नवे नियम आले. पण मेटफॉर्मिन बघा. मूळ गॅलेगा नावाच्या युरोपीय झाडपाल्याचा धागा धरून फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी 1957 मध्ये ते माणसांना देऊन पाहिलं. यूकेपीडीएसच्या 1998 च्या निष्कर्षांत, ते घेणाऱ्या लठ्ठ रुग्णांमध्ये मृत्यूचं प्रमाण 36 टक्क्यांनी कमी निघालं. आज त्याच्यावर कुणाचं पेटंट नाही, गोळी स्वस्त आहे. वनस्पतीतूनच आलेलं औषध आहे, फरक इतकाच की ते परीक्षेला बसलं.

‘गोळी सुटत नाही’ हेही अर्धसत्य. डायरेक्ट या ब्रिटिश चाचणीत वजन घटवून वर्षभरात 46 टक्के रुग्णांचा मधुमेह गोळीविना मागे हटला. दुसऱ्या वर्षी ते प्रमाण 36 वर आलं, पुढे आणखी घसरलं. ते रुग्ण जाड होते, आजार सहा वर्षांच्या आतला होता. आपल्याकडचं चित्र वेगळं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या वेलजेन अभ्यासातल्या तरुण रुग्णांत सगळ्यात मोठा गट इन्शुलिनच कमी पडणाऱ्यांचा निघाला. इन्शुलिनच कमी पडतंय अशा सडपातळ माणसाला उपाशी ठेवून काय साधणार? चरकाने प्रमेहाचे स्थूल आणि कृश असे दोन रुग्ण वेगळे काढून उपचारही वेगळे सांगितले आहेत. सगळ्यांना एकच पुडी देणारा विक्रेता आयुर्वेदाचं नाव घेतो, पण चरकाचं ऐकत नाही.

तेव्हा गंगापूरकरांना सांगणं एवढंच: चालू गोळी स्वतःच्या मनाने सोडू नका. वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्या. आणि ‘शुगर मुळापासून बरी’ असा फलक दिसला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. 1954 च्या औषध व जादुई उपचार कायद्याने मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं गुन्हा आहे, आणि पहिल्याच गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.