घरफोडीची शिक्षा आणि अपिलाचा अधिकार : गडचिरोलीच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
गुन्हा कबूल केलेल्या आरोपीस अपील करता येत नाही, असा सर्वसाधारण समज आढळतो. तो अर्धसत्य आहे. दंडाधिकाऱ्यासमोर कबुली देणाऱ्यास दोषसिद्धीविरुद्ध अपील करता येत नसले, तरी शिक्षेचे प्रमाण व वैधता यांविरुद्ध ते करता येते. प्रस्तुत लेखात या मर्यादित अधिकाराचा मागोवा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
१८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४५७ ने चोरीसाठी रात्री केलेल्या घरफोडीस १४ वर्षांपर्यंत कारावास ठरविला. कबुलीनंतरही शिक्षेविरुद्ध अपिलाची मुभा १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४१२ अन्वये होती. १९७३ च्या संहितेत ती कलम ३७५ म्हणून आली व २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम राहिली. तत्कालीन चांदा जिल्ह्यासाठी वरिष्ठ न्यायालय नागपूरलाच होते : आधी न्यायिक आयुक्तांचे न्यायालय, १९३६ पासून नागपूर उच्च न्यायालय व १९५६ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा निर्माण झाला.

अधिकार आणि वास्तव :
दंडाधिकाऱ्याच्या शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवसांत अपील करावे लागते. कैद्यास ते तुरुंगाधिकाऱ्यामार्फतही पाठविता येते. तथापि हातात निकालपत्रच नसेल तर ही मुदत निरर्थक ठरते. हॉसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) या प्रकरणात चार वर्षांहून अधिक विलंब झाला होता. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाने निकालाची विनामूल्य प्रत व अपिलासाठी विनामूल्य वकील हा कैद्याचा हक्क मानला. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर चोरीच्या ४१ प्रकरणांत शिक्षा झालेला एक तरुण कैदी आला. बहुतेक प्रकरणांत त्याने कबुली दिली होती. शिक्षा एकापाठोपाठ भोगल्यास त्या ८३ वर्षांहून अधिक होत होत्या. न्यायालयाने त्या एकाच वेळी भोगण्याचा आदेश दिला. कबुलीची खरी किंमत कैद्यास किती उशिरा कळते, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष :
गोंडी वा माडिया बोलणाऱ्या आरोपीस न्यायालयीन मराठीत दिलेल्या कबुलीचे परिणाम उमगतीलच असे नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार अनुसूचित जमातीची व्यक्ती व कोठडीतील व्यक्ती विनामूल्य विधी साहाय्यास पात्र आहे. म्हणून निकालाची प्रत देतानाच अपिलाचा हक्क व मुदत कैद्याच्या मातृभाषेत सांगणे अगत्याचे आहे. अन्यथा सव्वाशे वर्षे संहितेत टिकलेली ही तरतूद ज्याच्यासाठी आहे, त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही.