समुद्राच्या वजनमापाची बाटली

उद्योगयुग सुरू झाल्यापासून समुद्राचा पीएच, म्हणजे शाळेतला सामू, साधारण ०.१ ने उतरलाय. अशी बातमी टाकली की हमखास कॉमेंट येते, "एवढ्याशानं काय होतंय?" ही मोजपट्टी भूकंपाच्या रिश्टरसारखी आहे. तिच्यावर ०.१ उतरणं म्हणजे आम्लता पाव पटीहून जास्त वाढणं. पण एवढं बारीक मोजलं ते बरोबर कशावरून? हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि शास्त्रज्ञांनाही तो फार उशिरा सुटला.

१८७२ ते ७६ या काळात 'चॅलेंजर' जहाजावर बुकॅनन हे रसायनतज्ज्ञ समुद्राचं पाणी उकळून त्यातला कार्बन डायऑक्साइड मोजत होते. अडचण अशी, की हा वायू सोडावॉटरसारखा नुसता विरघळलेला नसतो. बहुतेक बायकार्बोनेट होऊन अडकलेला असतो. नुसत्या उकळण्यानं तो सगळा सुटत नाही, आम्ल घालावं लागतं. पीएचची मोजपट्टी आली १९०९ मध्ये, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून. हो, बिअरवाल्यांचीच!

पुढे यंत्रं सुधारली, तरी १९७० च्या दशकातल्या 'जिओसेक्स' या मोठ्या मोहिमेतसुद्धा वेगवेगळ्या पद्धतींचे आकडे एकमेकांशी जुळेनात. एक किलो समुद्रपाण्यात असा कार्बन सुमारे २००० मायक्रोमोल असतो आणि पृष्ठभागाजवळ वर्षाला वाढतो जेमतेम १. दोन जहाजांच्या यंत्रांत दहाचा फरक असला की दहा वर्षांची वाढ त्यातच बुडाली.

बाजारातला काटा वजनमापेवाले प्रमाणित वजन ठेवून तपासतात ना, तसं वजन समुद्राला नव्हतं. ते १९९० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत अँड्र्यू डिक्सन यांनी तयार केलं. समुद्राचंच पाणी गाळलं, त्यातले जीव कार्बन कमीजास्त करू नयेत म्हणून मर्क्युरिक क्लोराइडचं विष घातलं, आणि बाटल्या सीलबंद केल्या. त्यातला कार्बन अचूक मोजून दिला चार्ल्स कीलिंग यांच्या प्रयोगशाळेनं. आता कुठल्याही जहाजावर आधी ही बाटली मोजायची, आकडा जुळला तरच पुढचं काम. मला तर यंत्रांपेक्षा ही बाटलीच मोठा शोध वाटते.

त्याच दशकात गोव्याच्या दोना पावलातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं आपला अरबी समुद्र मोजला. वर्षभराच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइड शोषण्यापेक्षा हवेत जास्त सोडतो, असं दिसलं.

२०२० मध्ये कोविडमुळे स्क्रिप्सचं काम अडलं आणि बाटल्यांचा तुटवडा पडला. तीसेक वर्षं जगातल्या बहुतेक मोजण्या एकाच लॅबच्या भरवशावर चालल्या होत्या. मग दुसरी सोय उभी करायची चर्चा सुरू झाली.