एसक्यूएलमध्ये सरासरी कशी काढायची? एव्हीजी फंक्शन सोप्या भाषेत

26 जुलै 2005 आठवतोय? त्या 24 तासांत हवामान खात्याच्या सांताक्रूझ केंद्रावर 944 मिमी पाऊस नोंदला गेला, कुलाब्याला मात्र 73 मिमीच्या आसपास. दोन्हींची सरासरी साधारण 508 मिमी. पण एवढा पाऊस ना सांताक्रूझला पडला, ना कुलाब्याला! गणित बरोबर, उत्तर निरुपयोगी. म्हणून एव्हीजी समजावताना मी हेच उदाहरण घेतो.

केंद्रानुसार सरासरी

समजा, 'पाऊस' या टेबलमध्ये केंद्र, तारीख आणि मिमी असे तीन कॉलम आहेत. क्वेरी अशी (टाइप करताना कमांड इंग्रजी अक्षरांत लिहा):

सिलेक्ट केंद्र, एव्हीजी(मिमी)
फ्रॉम पाऊस
ग्रुप बाय केंद्र;

प्रत्येक केंद्राची वेगळी सरासरी मिळेल. 'ग्रुप बाय' न वापरता नुसतं एव्हीजी(मिमी) मागितलं, तर सगळ्यांची मिळून एकच येईल. म्हणजे वरचीच गडबड.

नल म्हणजे शून्य नव्हे

अंधेरीच्या चार दिवसांच्या काल्पनिक नोंदी घेऊ: 40, 60, नल, 20. एव्हीजी नल मोजतच नाही, म्हणून 120 भागिले 3, उत्तर 40.

मी एकदा रिपोर्टमध्ये रिकामी जागा बरी दिसत नाही म्हणून कोअलेस(मिमी, 0) वापरलं होतं. अशाने इथे 120 भागिले 4, म्हणजे 30 येतं. बंद यंत्र होतं, पाऊस नव्हे! रिपोर्ट साहेबांकडे गेल्यावर चूक लक्षात आली आणि घाम फुटला. तेव्हापासून नियम एकच: पाऊस पडला नाही तर 0, नोंदच नाही तर नल.

दशांश कुठे गेला?

40, 61 आणि 20 यांची सरासरी 40.33. पण कॉलम इंटीजर असेल तर एसक्यूएल सर्व्हर फक्त 40 दाखवतो. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसमध्ये दशांश मिळतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये असं लिहा:

एव्हीजी(कास्ट(मिमी ॲज डेसिमल(10,2)))

जाता जाता

सरासरी एकटी कधीच दाखवू नका. सोबत मिन(मिमी), मॅक्स(मिमी) आणि काउंट(मिमी) घ्या. काउंट(*) सगळ्या ओळी मोजतं, काउंट(मिमी) फक्त भरलेल्या. दोन्हींतला फरक म्हणजे हुकलेल्या नोंदी. पाणी तुंबतं ते सरासरीमुळे नाही, मॅक्समुळे. मुंबईकरांना हे वेगळं सांगायला नको!