रुग्णालयातील विदूषक

गंभीर आजारी मुलांच्या शुश्रूषेला हास्य व खेळ यांची जोड देणारा प्रशिक्षित कलावंत. न्यूयॉर्कच्या बिग ॲपल सर्कसचे सहसंस्थापक मायकेल क्रिस्टेनसेन यांनी १९८६ मध्ये तेथील बालरुग्णालयात हा उपक्रम पद्धतशीरपणे सुरू केला. फ्रान्समध्ये १९९१ साली ‘ल रीर मेद्सँ’ ही संस्था निघाली.

विदूषक बहुधा जोडीने येतात. परिचारिकेकडून मुलाची त्या दिवशीची प्रकृती समजून घेतात, हात धुतात आणि दारातूनच आत येऊ का म्हणून विचारतात. मूल ‘नको’ म्हणाले, तर मुकाट्याने माघारी फिरतात. सुया, औषधे, तपासण्या यांबाबत ज्याला कोणी विचारत नाही, त्याला येथे नकाराचा हक्क मिळतो. या पद्धतीचे मर्म यातच आहे. विदूषक नसतानाही खेळाचा उपयोग होतो: सुई टोचताना परिचारिकेने मुलाला साबणाचे फुगे फुंकायला लावले, तरी त्याचा श्वास लांबतो आणि लक्ष वळते.

फ्लॉरेन्समधील २००५ च्या अभ्यासात, भूल देताना विदूषक सोबत असलेल्या मुलांची भीती कमी आढळली. मात्र कामात व्यत्यय येतो म्हणून बहुतेक कर्मचाऱ्यांनी उपक्रम पुढे चालवण्यास विरोध केला. रंगवलेल्या चेहऱ्याला काही मुले घाबरतात. हास्य वेदनाशामकाची जागा घेऊ शकत नाही; कळा सोसणाऱ्या मुलाला आधी औषधच मिळाले पाहिजे.