एक अरण्य, दोन कायदे

इतिहास म्हटला की राजे, लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे उभ्या राहतात. परंतु राजाज्ञेचा अंमल माणसांपुरताच चालतो असे नाही. रानातल्या जनावराने जगावे की मरावे, हेही कित्येकदा दूरच्या राजधानीत कागदावर ठरत असते. आज आपण अशाच एका जनावराची हकीकत पाहणार आहोत. ते म्हणजे युरोपच्या उत्तरेस, स्वीडन आणि नॉर्वे ह्या शेजारी देशांत राहणारे तपकिरी अस्वल.

उत्तरेचा तो मुलूख मराठी वाचकाला अगदीच परका नाही. आर्यांचे मूलस्थान उत्तरध्रुवाजवळ असावे असा सिद्धांत लोकमान्य टिळकांनी १९०३ साली मांडला होता. तो सिद्धांत विद्वानांनी पुढे स्वीकारला नाही. पण शब्दांचे नाते मात्र पक्के आहे. आपला संस्कृत 'ऋक्ष' आणि ग्रीकांचा 'आर्क्तोस' हे एकाच मुळातून फुटलेले शब्द असून दोहोंचा अर्थ अस्वल असाच आहे. त्या ग्रीक शब्दावरूनच उत्तरेच्या हिमप्रदेशाला 'आर्क्टिक' हे नाव पडले. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो त्यांना पूर्वी 'ऋक्ष' म्हणत, असे शतपथ ब्राह्मणात सांगितले आहे. मौज अशी की, जेथे हे अस्वल घराशेजारी वावरत होते तेथील लोकांनीच तो जुना शब्द टाकून दिला. स्वीडिश आणि नॉर्वेजियन भाषांतील 'ब्यॉर्न' ह्या शब्दाचा मूळ अर्थ 'तपकिरी' असा बहुतेक भाषापंडित लावतात. खरे नाव उच्चारले तर तो येऊन उभा राहील, ही भीती त्यामागे असावी. आपल्या खेड्यांत रात्रीच्या वेळी सापाला 'लांबडं' म्हणतात, त्यातलाच हा प्रकार!

ह्या भीतीत आदरही होता. उत्तरेत रेनडियर पाळणारे सामी लोक अस्वल मारीत, पण विधिपूर्वक मारीत. १७५५ साली पेर फ्येलस्ट्रोम ह्या स्वीडिश धर्मोपदेशकाने त्या विधींचे वर्णन प्रसिद्ध केले आहे. मांस खाऊन झाल्यावर अस्वलाची हाडे नीट मांडून पुरली जात. अशा थडग्यांचे अवशेष पुढे संशोधकांना सापडलेही. मारणे आणि मान देणे ही दोन्ही कामे एकाच हाताने करणारा हा समाज होता.

राज्यसत्तेची दृष्टी निराळी होती. तिला अस्वल म्हणजे गुराढोरांचे नुकसान करणारा चोर वाटे आणि चोराच्या डोक्यावर बक्षीस लावायचे, ही तिची रीत. स्वीडनने १६४७ साली आणि नॉर्वेने १७३३ साली अस्वलाच्या शिकारीस इनाम लावले. १८४५ साली नॉर्वेत जो कायदा झाला, त्याच्या नावातच हिंस्र पशूंचा 'नायनाट' हा शब्द होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन्ही देश मिळून चार ते पाच हजार अस्वले असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश नॉर्वेत होती. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवू, कारण पुढची सारी उलथापालथ हिच्यावरच उभी आहे.

१८१४ ते १९०५ पर्यंत हे दोन्ही देश एकाच राजाच्या छत्राखाली होते. मात्र कायदे ज्याचे त्याचे होते. अरण्य एक, डोंगर एक, अस्वलही एक. त्याला सीमा ठाऊक नव्हती. तरीसुद्धा शतकाच्या अखेरीस दोन्हीकडच्या वाटा फुटल्या. १८८० साली नूरडेनश्योल्ड ह्या ध्रुवप्रवाशाने, उत्तरेच्या निसर्गाचे काही तुकडे पुढच्या पिढ्यांसाठी जसेच्या तसे राखून ठेवावेत, अशी सूचना केली होती. स्वीडनमध्ये हा विचार हळूहळू मुरला. १८९३ साली तेथे अस्वलावरचे इनाम बंद झाले. १९०९ साली युरोपातली पहिली राष्ट्रीय उद्याने स्थापन झाली, ती ह्याच देशात. १९१३ साली सरकारी जमिनीवर अस्वलाला अभय मिळाले आणि १९२७ साली फर्मान निघाले की मेलेले अस्वल, कोणीही मारलेले असो, सरकारजमा होईल. ह्या शेवटच्या नियमातले शहाणपण पाहण्याजोगे आहे. शिकाऱ्याला उपदेश करण्याच्या भरीस सरकार पडले नाही. त्याने फक्त शिकाऱ्याचा नफा काढून घेतला. कातडे आणि मांस आपल्या पदरात पडणार नसेल तर बर्फ तुडवीत जाणार कोण?

नॉर्वेत मात्र इनाम १९३० च्या सुमारापर्यंत चालूच राहिले आणि तोवर मारण्यासारखे फारसे काही उरलेही नव्हते. संपूर्ण संरक्षण आले ते १९७३ साली. ज्या देशात दोनतृतीयांश अस्वले होती, तो देश रिकामा झाला. स्वीडनमध्ये १९३० च्या सुमारास चार वेगवेगळ्या टापूंत मिळून सुमारे १३० अस्वले तग धरून होती. त्या मूठभरांतूनच पुढची सारी प्रजा वाढली. १९४३ साली मर्यादित शिकार पुन्हा सुरू करण्याइतकी ती सावरली आणि २००८ साली स्वीडनमधली संख्या सुमारे ३,३०० झाली.

येथे कोणी विचारील की, सीमेपलीकडे इतकी अस्वले असताना नॉर्वेचे रान पुन्हा का भरले नाही? ह्याचे उत्तर अस्वलाच्या संसारात आहे. १९८४ पासून दोन्ही देशांच्या शास्त्रज्ञांनी मिळून शेकडो अस्वलांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांचा माग काढला आहे. त्यातून असे दिसते की, तरुण नर आईला सोडून दूरदूर भटकतात. पण मुलगी बहुधा आईच्या शेजारीच आपला टापू बांधते. म्हणून नॉर्वेत शिरणारे पाहुणे बहुतेक नरच असतात. आणि नुसत्या नरांनी वंश वाढत नाही. मादीच्या वस्तीची सीमा पिढीगणिक थोडी थोडीच पुढे सरकते. शिवाय तिचे पिलू येते तेही सावकाश. उन्हाळ्याच्या आरंभी समागम होतो, पण गर्भ रुजतो तो शरदाच्या शेवटी. जानेवारीत, आई गुहेत निद्रिस्त असताना, जेमतेम अर्धा किलो वजनाची पिले जन्मतात. तिने उन्हाळाभर रानफळे खाऊन चरबी साठविली असेल तरच ती जगतात. सारांश, जे एका पिढीने बंदुकीने पुसले ते भरून यायला अस्वलांच्या कित्येक पिढ्या लागतात. नॉर्वेत आजही अस्वलांची संख्या दोनशेच्या आतच आहे.

दुसरे कारण माणसाच्या संसारात आहे. हिंस्र पशू गेले तसा नॉर्वेच्या डोंगरांतून मेंढपाळही गेला. राखणीची गरजच उरली नाही. आज तेथे दर उन्हाळ्यात सुमारे वीस लाख मेंढ्या व कोकरे कुरणांवर आणि रानांत सोडली जातात, पण त्यांच्यामागे काठी घेऊन चालणारा माणूस बहुधा नसतो. आपल्या दख्खनच्या माळावर लांडगा आहे आणि त्याच्याच मुलुखात धनगर आपला कळप कुत्र्यांनिशी राखीत आला आहे. ही विद्या पिढीजात असते. एकदा तुटली की फिरून जोडणे महाग पडते. नॉर्वेचा मेंढीवाला काही दुष्ट नव्हे. त्याच्या आजाने ज्या रानाचा हिशेब मांडला त्यात अस्वल नव्हते. नातवाच्या काळात ते परतले, तेव्हा त्याची कोकरे मरतात आणि भरपाई मिळाली तरी जिवाला घोर लागतोच. स्वीडनमध्ये मेंढ्या थोड्या असून बहुधा कुंपणात असतात. म्हणून तेथे हा वाद इतका कडवट झाला नाही.

स्वीडनमधली तक्रार निराळी आहे. मे-जून महिन्यांत अस्वल रेनडियरची आणि मूस ह्या प्रचंड हरणाची नवजात पाडसे मारते. त्यामुळे सामी पशुपालक आणि शिकारी दोघेही त्याच्यावर रुष्ट असतात. एरवी त्याचा आहार पाहिला तर वसंतात वारुळांतल्या आणि कुजक्या बुंध्यांतल्या मुंग्या, आणि उन्हाळा सरताना झुडपांवरची लहान काळी-तांबडी फळे. माणसावर ते क्वचितच जाते. १९७७ ते २०१६ ह्या चाळीस वर्षांत दोन्ही देश मिळून दोन माणसे अस्वलाने मारली. जखमी झाले त्यांत बहुसंख्य शिकारीच होते.

अलीकडे स्वीडनमध्ये परवान्याची शिकार फार वाढली आहे. २०२३ साली सहाशेहून अधिक अस्वलांच्या शिकारीची परवानगी होती आणि त्याच वर्षी त्यांची अंदाजी संख्या सुमारे २,४५० वर आली होती. त्या शिकारीचा एक नियम असा की, पिले बरोबर असलेली मादी मारायची नाही. त्याचे फळ काय झाले पाहा. पूर्वी बहुतेक माद्या पिलांना दीड वर्षांनी दूर करीत. आता अडीच वर्षे जवळ ठेवणाऱ्या माद्यांचे प्रमाण वाढले आहे. ज्या लवकर एकट्या होतात त्या बंदुकीपुढे सापडतात. ज्या पिलांसह राहतात त्या वाचतात. राजधानीत लिहिलेले कलम शेवटी गुहेतल्या मातृत्वापर्यंत जाऊन पोहोचले!

म्हणून आम्हांस असे वाटते की, कायदा करणाराने आपणही त्या रानातला एक ऋतू आहोत असे समजून वागावे. हिमाप्रमाणे, दुष्काळाप्रमाणे त्याचा हुकूमही जनावराला सोसावा लागतो. फरक इतकाच की हिमाला विचार करता येत नाही. १८९३ साली एका देशाने वेळेवर विचार केला. त्याने मोठा त्याग केला असेही नाही. एक इनाम बंद केले, एवढेच. शेजाऱ्याने तेच चाळीस वर्षे उशिरा केले. तेवढ्या उशिराचे मोल तो देश आजही चुकवीत आहे, आणि ते किती पिढ्या चुकवावे लागणार हे ठरविणे आता त्याच्या हाती राहिलेले नाही. ते आईच्या शेजारी टापू शोधणाऱ्या त्या तरुण मादीच्या पावलांवर अवलंबून आहे.