रुग्णशय्येवरील रोजनिशी

बखर आणि अस्सल कागद यांचा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं. वि. का. राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत (१८९८) समकालीन पत्रांची थोरवी दाखविली, तेव्हांपासून तो चालू आहे. हाच वाद रोग्याच्या उशाशीं कसा उभा राहतो, तें येथें सांगावयाचें आहे.

१९५२ सालीं कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर साथ आली. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या श्वासनलिकेंत नळी बसवून, वैद्यकीय विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें हातांनीं पिशवी दाबून त्यांस श्वास दिला. डॉ. ब्यर्न इब्सेन यांच्या या योजनेंतूनच पुढें अतिदक्षता विभाग निर्माण झाला.

परंतु प्राण वांचला म्हणजे रोगी बरा झाला असें नव्हे. स्नायू क्षीण होतात, स्मृति मंदावते, भीति व खिन्नता मागें राहतात. अंथरुणावर असतांनाच हातपाय हलविण्यास आरंभ करणें हा यावर एक उपाय होय. दुसरा उपाय आमच्या विषयाशीं निगडित आहे. गुंगीच्या औषधांनीं व भ्रमानें त्या दिवसांची आठवण पुसली जाते, आणि रिकाम्या जागीं कल्पित प्रसंग येऊन बसतात. परिचारिका आपणांस मारावयास आली होती, असेंहि एखादा रोगी पुढें महिनोमहिने खरें मानतो. ही त्याची बखर. यास्तव स्कँडिनेव्हियांतील परिचारिकांनीं रोग्याकरितां रोजनिशी लिहिण्याची रीत पाडली. आज काय घडलें, कोण भेटावयास आलें, हें त्या दिवशींच टिपावयाचें व रोगी सावध झाल्यावर वही त्याच्या हातीं द्यावयाची.

२०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या, सहा युरोपीय देशांतील ३५२ रोग्यांच्या अभ्यासांत, रोजनिशी मिळालेल्यांपैकीं शेंकडा ५ जणांस नव्यानें आघातोत्तर मनोविकार जडला; इतरांत हें प्रमाण शेंकडा १३ होतें. उलट २०१९ सालच्या, फ्रान्समधील ३५ विभागांतील ६५७ रोग्यांच्या अभ्यासांत लक्षणीय फरक दिसला नाहीं. दोन्ही पुरावे वाचकांपुढें ठेवणें आम्हांस अवश्य वाटतें. आमच्या मतें, कागद अस्सल असला तरी तो केव्हां व कोणाच्या सोबतीनें वाचावा, हा प्रश्न उरतोच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, पंधराव्या अध्यायीं, रुग्णाजवळ आख्यायिका, इतिहास व पुराणें जाणणारीं माणसें असावींत असें सांगितलें आहे, तें या संदर्भांत चिंतनीय होय.

दप्तरें जपणाऱ्या आमच्या बंधुभगिनींस एवढीच विनंति कीं, घरचें कोणी अशा विभागांत असल्यास एक कोरी वही घ्यावी, तिथि घालावी, आणि डोळ्यांनीं पाहिलें तेवढेंच लिहावें.