‘ध’चा ‘मा’: घराण्यातील कथा आणि कागद

आनंदीबाईंनी ‘धरावे’चे ‘मारावे’ केले व नारायणराव पेशव्यांचा खून झाला, ही कथा उद्यमबागेपासून निपाणीपर्यंतच्या जुन्या मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या पेशव्यांना मारणारे सुमेरसिंग गारदी, तुळाजी पवार प्रभृती होते, याविषयी वाद नाही. वाद आहे तो हुकमाचा.

रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशीअंती रघुनाथरावांना दोषी धरले. अक्षरबदलाची हकीकत ग्रँट डफ यांच्या १८२६ च्या इतिहासात येते. पण बदल आनंदीबाईंनी केला, हे तेथेही लोकांचा समज म्हणूनच नोंदलेले आहे.

सरकारी दप्तरात हयात घालविलेल्या माणसाला खाडाखोडीचा आरोप तपासताना मूळ कागद, हस्ताक्षर आणि ताबा या तीन गोष्टी पाहाव्याच लागतात. येथे मूळ कागदच समोर नाही. तेव्हा वाचकांनी आपल्या घरातील कथा कोणी, कोणाकडून ऐकली, की ती पुस्तकातून वा नाटकातून घरात आली, हे वडीलधाऱ्यांना विचारून टिपून ठेवावे. सव्वादोनशेहून अधिक वर्षे एका स्त्रीच्या माथी असलेला खुनाचा डाग केवळ ऐकीव गोष्टीवर पुढच्या पिढीच्या हाती देणे न्यायाचे नव्हे.